मी तुमची वकील नाही

आत्यानं डबा पुढे केला आणि सरकारी वकीलबाईंनी तो हातानं हलकेच मागे सारला. डब्यात रव्याचे लाडू होते. "मावशी, इथं असं काही आणायचं नसतं," बाई म्हणाल्या. आवाज चढा नव्हता, पण घाई होती. काखेत फायलींची चळत, हातात वाजणारा फोन. "अहो, तुम्ही माझ्या वकील, एवढं तर..." आत्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या दारातून वळल्या आणि म्हणाल्या, "मी तुमची वकील नाही मावशी. मी सरकारची. तुम्ही साक्षीदार आहात. जे पाहिलंत तेवढंच सांगा." आणि आत गेल्या. जिल्हा कोर्टाचा तो व्हरांडा छत्र्यांच्या पाण्यानं ओला झाला होता. ओल्या काळ्या कोटांचा एक कुबट वास असतो, त्यात झेरॉक्सच्या मशीनचा गरम वास मिसळला होता. त्या सगळ्यात आत्या डबा धरून उभी. मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "मग माझा वकील कोण?"

फिर्याद आत्याची, चेन आत्याची, मानेवरचा वळही तिचाच. आणि भिंतीवरच्या बोर्डावर काय, तर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' आणि पुढे त्या पोराचं नाव. आत्या त्या ओळीत कुठेच नव्हती. साक्षीदारांच्या यादीत पहिल्या नंबरावर होती, एवढाच तिचा मान. गुन्हा हा सगळ्या समाजाविरुद्ध असतो, म्हणून खटला सरकार चालवतं, हे आपण शाळेत कधीतरी वाचून सोडून दिलेलं असतं. पण जिच्या गळ्यातून सोनं ओढलं, तिलाच 'तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा' म्हणून सांगितलेलं डोळ्यांदेखत पाहिलं की त्या वाक्याची चव बदलते.

तशी आत्याला वकिलाची सवय झाली होती. ती चेन तुटली तेव्हा अर्धी तिच्या पदरात राहिली आणि अर्धी मोटारसायकलवरून गेली. पुढे पोलिसांनी गेलेला तुकडा एका सोनाराकडून जप्त केला, आणि आत्याकडचा तुकडाही घेऊन गेले, कारण तोही पुरावा. दोन्ही तुकडे मुद्देमाल झाले. ते परत मिळवायला अर्ज करावा लागला, आणि त्या अर्जासाठी माझा शाळेतला एक मित्र, जो आता त्याच कोर्टात वकिली करतो, त्याच्या नावानं आत्यानं वकीलपत्रावर सही केली. म्हणजे चेनपुरता तिला वकील होता. कोर्टानं चेन बंधपत्रावर तिच्या ताब्यात दिली, पण अटी घालून: विकायची नाही, स्वरूपात बदल करायचा नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. स्वरूपात बदल करायचा नाही म्हणजे सोनाराकडून जोडून घ्यायची नाही. त्यामुळे गेली दोन वर्षं ती चेन दोन तुकड्यांत, डाळीच्या डब्यात, रुमालात गुंडाळलेली. आत्या कधीमधी काढून बघते आणि म्हणते, "माझीच, पण सरकारजमा."

त्या अर्जाच्या वेळी आम्ही नोटरीकडेही गेलो होतो. वडाखाली टेबल, टेबलावर प्लास्टिक, प्लास्टिकवर लाल शिक्क्याच्या शाईचे डाग. नोटरी म्हणजे दहा वर्षं वकिली केलेला माणूस लागतो (महिलांना आणि मागासवर्गीयांना सात), पण कोर्टाच्या आवारात त्यांची प्रतिष्ठा बघाल तर रसवंतीवाल्याच्या जरा वर. आत्यानं त्यांना चेनची सगळी हकिकत सांगायला घेतली. ते म्हणाले, "बाई, ते मला सांगू नका. सही करणारी बाई तुम्हीच ना? आधार दाखवा." रजिस्टरमध्ये नोंद, अंगठा, शिक्का. आत लिहिलेलं खरं आहे की खोटं याच्याशी त्यांचा संबंध नाही. सांगणारी माझ्यासमोर होती, तिनं शपथेवर सांगितलं आणि सही केली, इतकंच ते छातीठोकपणे सांगू शकतात. तेव्हा मला ते फारच कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, त्या आवारात आपलं काम नेमकं कुठे संपतं हे इतक्या स्वच्छ ठाऊक असलेला तो एकच माणूस असावा.

साक्षीच्या दिवशी आरोपीचा वकील म्हणून उभा राहिला तो एक पोरगेलासा तरुण, खांद्यावर कोट जरा ढगळ. लोकअभिरक्षक कार्यालयातला. आरोपीला वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, तो हा. पूर्वी पॅनेलवरचे वकील आपली प्रॅक्टिस सांभाळून ही कामं करायचे. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत ही पूर्णवेळाची कार्यालयं सुरू झाली, आणि यातल्या वकिलांना खासगी काम घेता येत नाही. आत्याला हे बाकावर बसल्याबसल्या मित्रानं समजावलं, तेव्हा तिनं पदर सावरत हिशेब मांडला. "म्हणजे इकडूनही सरकार आणि चोराकडूनही सरकारच?" मित्र हसला, पण हिशेबात चूक काढता आली नाही. दोघांचेही पैसे फिरून फिरून आपल्याच खिशातून जातात.

याची मुळं बघायला गेलं तर एक धागा महाराष्ट्रातच निघतो. १९७८ सालचा होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला. होसकोट कुणी उपाशी भुरटा चोर नव्हता, विद्यापीठात शिकवणारा माणूस होता आणि बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात शिक्षा भोगत होता. पण तुरुंगात त्याला निकालाची प्रत वेळेवर मिळाली नाही, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं की कैद्याला प्रत आणि अपिलासाठी वकील देणं हा सरकारचा धर्मादाय नाही, कर्तव्य आहे. त्यानंतर १९८७ चा विधी सेवा कायदा आला, तो लागू व्हायला १९९५ चा नोव्हेंबर उजाडला. मला हे सगळं वाचून बरं वाटतं. आत्याच्या शेजारी बसून ऐकताना मात्र तितकंसं बरं वाटलं नाही.

कारण त्या पोरानं उलटतपास फार चांगला घेतला.

आवाज चढवला नाही, 'मावशी'ही म्हणाला नाही, 'बाई' म्हणाला. घटना किती वाजताची? दिवाबत्तीची वेळ. रस्त्यावरचा दिवा लागला होता? आठवत नाही. हेल्मेट होतं? चालवणाऱ्याला होतं, मागच्याला नव्हतं. तुम्ही वळून पाहिलंत तेव्हा गाडी किती लांब गेली होती? चार-पाच घरं. चष्मा कधीपासून आहे? झाली की पंधरा वर्षं. लांबचा की जवळचा? लांबचा. आणि मग: त्या वेळी चष्मा घातला होता? आत्या म्हणाली, "कोपऱ्यावर मेथी आणायला कोण घालतं हो चष्मा?" कोर्टात दोघं-तिघं हसले. न्यायाधीशांनी हसू दाबून टंकलेखकाला सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या वेळी मी चष्मा घातलेला नव्हता." आत्याची मेथी, तिचा ठसका, कोपऱ्यावरची ती संध्याकाळ, सगळं त्या एका ओळीत निथळून गेलं. तिच्या तोंडचं वाक्य, पण ते ती घरी कधी बोलली नसती. पुढे तो म्हणाला, पोलिसांनी दाखवला म्हणून तुम्ही याला ओळखता. आत्या उसळली. कागदावर उतरलं: "हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे." ही ओळ जवळजवळ प्रत्येक साक्षीच्या तळाशी असते म्हणे. वकिलानं ती घालायचीच असते, न घातली तर साक्ष मान्य केल्यासारखं होतं. आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती पिंजऱ्यातून उतरली ती कान लाल करून.

माझं लक्ष सरकारी वकीलबाईंकडे होतं. उलटतपासानंतर त्यांना फेरतपास घेता येतो, फाटलेलं शिवायची ती संधी. त्यांनी आत्याकडे पाहिलं, फायलीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "फेरतपास नाही." मला तिथल्या तिथे राग आला. नंतर कँटीनमध्ये मी मित्राला तसं म्हटलंही. त्यानं बशीत चहा ओतत शांतपणे विचारलं, "काय विचारायचं होतं त्यांनी? चष्मा होता असं म्हणा, असं?" मग तो त्याच्या आवडत्या विषयावर घसरला. सरकारी वकिलानं शिक्षा मिळवायचीच असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यानं कोर्टासमोर पुरावा ठेवायचा, आरोपीच्या फायद्याचा असला तरी लपवायचा नाही. पोलीस त्याचे साहेब नाहीत, फिर्यादी त्याचा पक्षकार नाही. फिर्यादीला स्वतःचा वकील लावता येतो, पण तो सरकारी वकिलाला मदत करायला, त्याच्या सांगण्याप्रमाणे. फार तर शेवटी कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद देईल. "म्हणजे मी आलो असतो तरी मागच्या खुर्चीत गप्पच बसलो असतो," मित्र म्हणाला. "फी मात्र घेतली असती."

त्याच कँटीनमध्ये पलीकडच्या टेबलावर तो ढगळ कोटवाला पोरगा आणि सरकारी वकीलबाई एकाच पेपरवरची भजी खात होते. आत्यानं ते पाहिलं. काही बोलली नाही, पण तिचा चहा तसाच राहिला.

लहानपणी आम्ही जुन्या पेठेत राहायचो तेव्हा तिथं कोर्टाचे कागद बजावणारे एक बेलीफ यायचे. सायकल, खाकी पिशवी, धोतर आणि वर कोट. ते गल्लीत शिरले की बायका दारं लोटून फटीतून बघायच्या, आज सायकल कुणाच्या दाराला टेकते. ज्याच्या दाराला टेकेल तो त्या दिवशी गल्लीतला सर्वांत गरीब माणूस. आणि तरी त्यांना प्रत्येक घरात पाणी मिळायचं, कधी चहाही. माणूस समन्स घेत नसेल तर ते दोन पंच गोळा करायचे आणि कागद दारावर चिकटवायचे, खळ सोबतच्या डबीत असायची. एकदा समोरच्या वाड्यात ते ताबा द्यायला आले होते. भाडेकरूची भांडी बाहेर निघत होती, आणि हे गृहस्थ त्या घरातल्या म्हाताऱ्याला हात धरून पायरी उतरवत होते. "जपून," म्हणत होते. म्हातारा त्यांना शिव्या देत होता आणि त्यांच्याच खांद्यावर भार टाकत होता. आई म्हणायची, नोकरी आहे हो त्यांची. मला मात्र ते कळायचं नाही, की घरातून काढणारा हात आणि सावरणारा हात एकच कसा. आजही नीट कळलंय असं नाही.

मुंबईला उच्च न्यायालयाच्या मध्यवर्ती दालनात टिळकांच्या नावाचा संगमरवरी फलक आहे. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तो बसवला. तिथं २२ जुलै १९०८ च्या रात्री टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ऐकवली गेली, ती न्यायमूर्ती दावर यांनी. एवढं आपल्याला पाठ असतं. पण त्याआधी अकरा वर्षं, १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात, टिळकांच्या जामिनासाठी उभा राहिलेला बॅरिस्टर कोण होता, तर हेच दिनशा दावर. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो जामीन दिलाही होता. १९०८ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर जिना दावरांपुढे उभे राहिले आणि दावरांनी तो नाकारला. शाळेत दावर आमच्यासाठी खलनायक होते, सरळ. हे कळल्यावर ते खलनायक राहिले नाहीत असं मुळीच नाही, उलट माझ्या मनातून जास्तच उतरले. ज्यानं एकदा या माणसासाठी शब्द शोधले होते त्याला ते शब्द ठाऊक नव्हते असं तर म्हणता येणार नाही ना. पण मग पुढचा प्रश्न टोचतो. वकील असताना मांडलेली बाजू न्यायाधीशानं खुर्चीवर घेऊन बसावी, असं आपल्याला खरंच हवं आहे का? टिळकांच्या बाबतीत हवं आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असता तर आपणच त्याला पक्षपाती म्हटलं असतं. टिळक स्वतः एलएल.बी. होते, पुण्यात कायद्याचे वर्ग चालवत. त्या खटल्यात त्यांनी वकील न लावता दिवसचे दिवस स्वतःची बाजू स्वतःच मांडली. 'माझा वकील कोण' हा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता असा सोडवला.

हा प्रश्न सगळ्यात उघडावाघडा दिसला तो २००९ मध्ये. कसाबला वकील कुणी व्हायचं, यावरून. अंजली वाघमारे यांची कोर्टानं नेमणूक केली आणि त्याच रात्री त्यांच्या घरासमोर जमाव आला, दगड आले. त्या नको म्हणाल्या, मग पुन्हा तयार झाल्या. आणि शेवटी त्यांना दूर केलं गेलं ते जमावामुळे नव्हे. हल्ल्यातल्या एका साक्षीदाराच्या नुकसानभरपाईचं कामही त्यांच्याकडे असल्याचं पुढे आलं, आणि न्यायाधीश ताहिलियानी यांनी सांगितलं, दोन्हीकडे उभं राहता येणार नाही. लोक म्हणत होते, तिनं आपलं असावं, त्याचं नाही. कोर्ट म्हणालं, तिनं एकाचंच असावं, मग तो कुणी का असेना. पुढच्याच वर्षी, तामिळनाडूतल्या दुसऱ्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं वकील संघटनांचे 'अमक्याची केस घेणार नाही' असले ठराव बेकायदा ठरवले. कसाबचं अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा राजू रामचंद्रन त्याच्या बाजूनं न्यायमित्र, म्हणजे कोर्टानंच नेमलेले वकील, होते. फाशी २०१२ मध्ये झाली. मला त्या सगळ्यात अजूनही कुतूहल आहे ते त्या पहिल्या रात्रीचं, दार लावून आत बसलेल्या बाईचं. तिच्या घरच्यांनी तिला काय विचारलं असेल?

मित्राला मी एकदा विचारलं होतं, आरोपीनं तुला सांगितलं की हो, मीच केलं, तर? तो म्हणाला, ते माझ्यापाशी राहतं. पोलिसांना नाही, कोर्टाला नाही, बायकोलाही नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते होतं, जुलै २०२४ पासून नवा कायदा आला त्यातही आहे. पण मग मी उभा राहून 'हा निर्दोष आहे' असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं नाही, खोटा साक्षीदार उभा करायचा नाही. सरकारचा पुरावा पुरतो का, एवढंच तपासत राहायचं. आणि जिंकलो तर निम्मी जमीन तुझी, असं कुणी म्हणालं तर? हात जोडायचे. निकालावर फी ठरवायला आपल्याकडे बंदी आहे. का, तर मग खटला त्याचा न राहता माझा होतो. हे सगळं बोलताना त्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा अभिमान होता, जो मला त्याच्या बोर्डाच्या पाटीवर कधी दिसला नव्हता. पाटीवर नाव आणि पदवी, बस. जाहिरात करायचीही मुभा नाही त्यांना.

सगळेच असे नसतात, हे मलाही कळतं. तारखा लावून लावून माणसाला झिजवणारे, पक्षकाराचा फोन न उचलणारे, समोरच्याशी आतून संधान बांधणारे, सगळ्यांच्या ओळखीत असा एखादा निघतोच. पण मला सतावणारा प्रश्न त्यांचा नाही. तो चोख काम करणाऱ्यांचा आहे. त्या वकीलबाई चोख होत्या, तो पोरगाही चोख होता, आणि तरी आत्या घरी येताना रिक्षात एक शब्द बोलली नाही.

निकाल काही महिन्यांनी लागला. चेनच्या जप्तीचा पंच फितूर झाला होता, सही कोऱ्या कागदावर घेतली म्हणाला. ओळख परेडवर चष्म्यानं पाणी फिरवलं. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. निकालपत्राच्या शेवटी एक ओळ होती: मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यावर फिर्यादीकडे कायम करावा. म्हणजे तोपर्यंत थांबलं की चेन जोडायला मोकळी.

मी आत्याला तेच सांगायला गेलो. ती मटार सोलत होती, चष्मा लावून. तिनं विचारलं, अपील करता येतं का. मी सांगितलं, येतं. २००९ च्या दुरुस्तीपासून, निर्दोष सुटकेविरुद्ध, जिच्यावर गुन्हा झाला तिला स्वतः अपील करता येतं, आणि तिथं वकील तुझा, पूर्ण तुझा. बाई म्हणून तो विधी सेवेतून फुकटही मिळेल, उत्पन्न कितीही असो. पण मग चेन तशीच तुकड्यांत राहणार, किती वर्षं ते सांगता येत नाही.

तिनं दोन-चार शेंगा सोलल्या. "तो पोरगा मिळेल का?"

"कोण?"

"चष्म्याचं विचारणारा. डोकं आहे त्याला."

मी म्हटलं, तो कसा मिळेल, तो त्याच्या बाजूनं होता. जेलमध्ये जाऊन त्यानं काय काय ऐकलं असेल, ते तुझ्यासाठी वापरता येईल का त्याला?

"म्हणजे तो त्या चोराचाच राहणार?"

"या केसपुरता, हो. त्याच्या ऑफिसातलं दुसरंही कुणी चालायचं नाही."

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. त्यात नाराजी होती की पसंती, मला सांगता येणार नाही. मग सालं पेपरात गुंडाळत तिनं फर्मावलं, "उद्या दहाला जाऊ त्या विधी सेवेत. दुसरा कुणी बघू, पण असाच खवट पाहिजे. आणि सोनाराला फोन कर, थांब म्हणावं."